अर्थच्या पिनवर आठ व्होल्ट

गाडीची नाडी : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

पाऊस लागला की माझ्या दुकानात आणि या सदराच्या टपालात एकच विषय सुरू होतो, तो म्हणजे दिवे. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एका अंगानं चिपळूण, कोयनानगर, पाटणच्या गाड्या येतात, दुसऱ्या अंगानं पुणे-बंगळूर हायवे. दिवा गेलेली गाडी बहुतेक अंधार पडल्यावरच दारात येते. माणूस घाईत असतो, घरी पोचायचं असतं, आणि एवढंच म्हणतो, "मिस्त्री, बल्ब टाका." बल्ब मी टाकतोही. पण दहातल्या निम्म्या गाड्यांत दोष बल्बमध्ये नसतो. या वेळची पत्रं वाचताना ते पुन्हा जाणवलं, म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा घेतो आहे.

माझी २०१० सालची जीप आहे. मार्चमध्ये पुढचा डावा कोपरा ठोकला गेला, डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. तेव्हापासून डावा दिवा पिवळट, मरतुकडा लागतो. तीन बल्ब बदलून झाले. वायरमननं होल्डर काढून मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे करंट बरोबर आहे, असं त्याचं म्हणणं. आणखी एक गोष्ट : गाडी डिपरवर (खाली पडणाऱ्या जवळच्या उजेडावर) असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या उजेडाचा) निळा दिवा अंधुक मिणमिणतो. पूर्ण वायरिंग नवीन टाकायला नऊ हजार सांगितलेत. टाकू का?
– एक वाचक, पाटण

टाकू नका. त्या मिणमिणत्या निळ्या दिव्यानं रोग स्वतःच सांगितला आहे. तुमच्या डाव्या हेडलाइटची अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडं परत जायची वाट, तुटली आहे.

तुमच्या बल्बला मागं तीन पिना आहेत. एक डिपरची, एक अप्परची आणि तिसरी दोघांत सामाईक, ती बॉडीला, म्हणजे अर्थला जाते. पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाणी सरीतून पुढं वाहून जायला वाट असेल तोवर ते आपल्या वाटेनं जातं. पुढचं तोंड बुजलं की ते तुंबतं आणि बांध फोडून शेजाऱ्याच्या वावरात शिरतं. तुमच्या गाडीत तेच चाललं आहे. डिपरच्या तारेतून आलेला करंट डाव्या बल्बच्या सामाईक पिनेपर्यंत पोचतो. तिथून बॉडीला जायची वाट बंद. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा मागं जातो, अप्परच्या तारेनं उजव्या दिव्यापर्यंत पोचतो आणि त्या दिव्याच्या अप्पर फिलामेंटमधून त्याच्या चांगल्या अर्थला उतरतो. जाता जाता त्याच तारेवरचा निळा दिवाही थोडा पेटवतो. तीन फिलामेंट एकापुढं एक आल्यावर बारा व्होल्टचे तीन वाटे पडतात. एकेकाच्या वाट्याला चार व्होल्ट. दिवा मरतुकडा लागणारच.

आता वायरमनच्या १२.४ व्होल्टबद्दल. तो खोटं बोलला नाही, पण त्यानं मोजलं ते होल्डर मोकळा असताना. एक तर मीटरची काळी सुई त्यानं बॅटरीला किंवा दुसऱ्या चांगल्या बॉडीला लावली असेल, मग डाव्या अर्थचा त्या मोजमापात संबंधच आला नाही. दुसरं म्हणजे, मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वीस धाग्यांची तार तुटून एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्बला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. ते मागितले की त्या एका धाग्याचा दम उखडतो. म्हणून दिवा पेटलेला असतानाच मोजायचं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.

कसं मोजायचं ते लिहितो, पाटणला कुणाकडूनही करून घ्या. मीटर डीसी २० व्होल्टवर. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब होल्डरमध्येच. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनस टोकावर, बॉडीवर नाही. लाल सुई डाव्या होल्डरच्या मागच्या बाजूनं अर्थच्या पिनेला टेकवा. चांगल्या गाडीत इथं ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसतो, कारण अर्थची पिन आणि बॅटरीचं मायनस एकच असायला हवं. जेवढे व्होल्ट इथं दिसतील तेवढे परतीच्या वाटेत अडकलेत असं समजा.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक जीप, तीही नुकती पेंट होऊन आलेली, माझ्याकडं होती. अर्थच्या पिनवर मीटरनं ८ व्होल्ट दाखवले. जीपवाला बघतच राहिला. बॅटरी ट्रेच्या मागं, मडगार्डच्या आतल्या अंगाला अर्थचा बोल्ट होता. वरून बघाल तर चकचकीत, घट्ट. पान्यानं खोलला तर थिंबलच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली रंगाचा जाड थर आणि त्याच्या खाली प्रायमर. पेंटरनं बोल्ट काढला होता, पत्रा रंगवला होता आणि रंगावरच थिंबल परत आवळलं होतं. दिसायला सगळं जागच्या जागी, पण लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये रंगाचा पडदा. त्यात तारेचं टोक बघितलं तर पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कसं हिरवं कळकतं, तसं. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला. तार दोन इंच कापत गेलो तेव्हा कुठं लाल तांबं लागलं. त्याला सोल्डरची कल्हई केली, नवं थिंबल बसवलं, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. ती वरूनच लावायची, मध्ये नाही. पुन्हा मोजलं : ०.०८ व्होल्ट. बिल झालं १८० रुपये.

तुमची गाडी न बघता शपथ घेऊन सांगता येत नाही, पण ठोकर, पेंट आणि लगेच सुरू झालेला दोष हा क्रम बघता मी आधी तिथंच हात घालीन.

अर्थ साफ करूनही उजेड कमी वाटला तर तशीच परीक्षा प्लसच्या बाजूची घ्या. लाल सुई बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या डिपर पिनेवर, दिवा चालू. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट मोकळी आहे. दीड-दोन व्होल्ट असतील तर एकेक जोड मागं मागं मोजत या : होल्डर, कप्लर (तारा एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड), रिले (लहान करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूजची खाच, स्विच. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारेल, तिथं चोर आहे. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं घटतो. एवढासा काळवंडलेला जोड माणसाला रस्त्यावरचा खड्डा दिसू देत नाही.

वायरमनसाठी एक सूचना. काही जपानी घडणीच्या गाड्यांत रचना उलटी असते. सामाईक पिनेवर कायम प्लस येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. त्या गाडीत वरचा सगळा हिशेब आरशातल्यासारखा फिरवून वाचावा लागतो. आधी सामाईक पिनेवर काय आहे ते बघा, मग मोजा.

मी रोज चिपळूण-कराड करतो. कुंभार्ली घाटात धुकं असतं, म्हणून १००/९० वॅटचे (अप्पर १००, डिपर ९०) बल्ब टाकले. पहिला महिना झकास गेला. आता स्टिअरिंगजवळच्या हेडलाइटच्या दांडीपाशी जळका वास येतो. परवा घाटातच दोन्ही दिवे एकदम गेले, पाच मिनिटांनी आपोआप आले.
– एक चालक, चिपळूण

हे पत्र वाचून मला चैन पडलं नाही. तो घाट मी ओळखतो. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि तुमच्या गाडीत दोन्ही दिवे एकाच वेळी जातात. आज, हे पत्र वाचल्या वाचल्या, ते बल्ब काढून ६०/५५ चे लावा. पुढचं सगळं त्यानंतर.

हिशेब असा आहे. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. १०० चे दोन म्हणजे जवळपास १७ अँपिअर. करंट पावणेदोन पटीच्या आत वाढला असं वाटतं, पण जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. तुमच्या जुन्या गाडीत रिले नसेल तर हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून, त्याच्या मसुराएवढ्या कॉन्टॅक्टमधून जातो. कॉन्टॅक्ट तापतो, खालचं प्लास्टिक मऊ होतं, स्प्रिंग ढिली पडते, दिवा जातो. मग थंड होतो, परत टेकतो, दिवा येतो. पाच मिनिटं म्हणालात ना, ती थंड व्हायची पाच मिनिटं.

दुकानात आणाल तेव्हा मी स्विचच्या खालचा कप्लर काढून तुमच्या हातात देईन. एखादी पिन तपकिरी झालेली असेल आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक कारमेलसारखं ओघळलेलं. तसं असेल तर कप्लर आणि स्विच दोन्ही बदलावे लागतात. नुसता स्विच बदलून जळका कप्लर त्याला जोडला, तर नवा स्विचही काही महिन्यांत जातो.

मग रिले. अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या प्लसवरून सरळ तार, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दोन्ही बल्बच्या होल्डरला. ८६ ला जुन्या स्विचकडून येणारी तार, ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, पाव अँपिअरच्याही आतला करंट जातो. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साठत नाही. होल्डर चिनीमातीचे घ्या. आणि अर्थची तारही नवी, तेवढ्याच जाडीची ओढा. पुष्कळ लोक प्लस जाड टाकतात आणि अर्थ जुनीच ठेवतात.

एवढं करून साध्या ६०/५५ ला पूर्ण व्होल्टेज मिळालं की तुमचं तुम्हालाच कळेल, उजेड कुठं अडकला होता. धुक्यात तर जास्त वॅटचा अप्पर लावून काहीच मिळत नाही, पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात डिपर, आणि खाली लावलेले फॉग लॅम्प. १०० वॅटवाले बल्ब मी माझ्या दुकानात ठेवत नाही. समोरून एसटी घेऊन चढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ते जातात, आणि त्याच्यामागं पन्नास माणसं बसलेली असतात.

उजव्या हेडलाइटचा १० अँपिअरचा लाल फ्यूज पंधरा-वीस दिवसांनी उडतो. तोही फक्त खराब रस्त्यावर, गगनबावड्याकडं जाताना हमखास. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी उभी असताना सगळं ठीक सापडतं. भावानं सुचवलं की ३० चा हिरवा टाक, मग उडणार नाही. टाकू का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

ताई, ३० चा फ्यूज अजिबात टाकू नका. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, फ्यूज उडणार नाही. त्याच्याऐवजी तार जळेल.

१९९८ च्या लगीनसराईत मल्हारपेठेजवळून मला रात्री बोलावणं आलं होतं. वऱ्हाडाची जीप होती. फ्यूजच्या खाचेत कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून कोंबली होती. दिव्याची तार शॉर्ट झाली, चांदीनं तग धरला आणि डॅशबोर्डच्या मागची अख्खी वायरिंग पेटली. माणसं वेळेत उतरली. एक आजी, मांडीवर लहान बाळ, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली मला अजून दिसते. जळलेल्या पीव्हीसीचा वास त्या बाळाच्या दुपट्याला लागला होता. तेव्हापासून फ्यूजच्या जागी दुसरं काही दिसलं की मी गिऱ्हाइकाशी भांडतो.

तुमचा दोष हलणाऱ्या तारेत आहे. कुठं तरी तार पत्र्यावर घासून सोलली आहे आणि धक्का बसला की क्षणभर बॉडीला टेकते. उभ्या गाडीत ती टेकत नाही, म्हणून कुणाला सापडत नाही. ती पकडायची आमची जुनी युक्ती आहे. उजवा बल्ब होल्डरमधून काढायचा. उडालेल्या फ्यूजच्या खाचेत, फ्यूजच्या जागी, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडायचा. त्या फ्यूजवर दुसरं काही चालत असेल तर तेही बंद ठेवायचं. मग हेडलाइटचा स्विच चालू. सगळं ठीक असेल तर आपला बल्ब अंधारातच राहतो. आता एकानं बल्बकडं बघायचं आणि दुसऱ्यानं वायरिंगचा गठ्ठा वीत-वीत धरून हलवायचा : होल्डरपासून रेडिएटरच्या पट्टीपर्यंत, तिथून बॅटरीखाली, तिथून आतल्या रबरी बुचापर्यंत. ज्या वितीला बल्ब भगभगून पेटेल, तिथली टेप सोडवायची. फ्यूजही उडत नाही, तारही जळत नाही, कितीही वेळा करा.

बहुतेक वेळा रेडिएटरच्या पट्टीच्या धारेवर किंवा हेडलाइटच्या मागच्या कोपऱ्यात सापडतं. तार काळी-मिचकी कुरतडलेली दिसली तर उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिनावर येऊन बसतात. सोललेली जागा जोडून, वर स्लीव्ह चढवून, धारेपासून दूर बांधा. नुसती टेप मारून जागच्या जागी ठेवली तर वर्षभरात धार टेपही खाते.

ट्रॅक्टरचे हेडलाइटचे बल्ब आठ-आठ दिवसांत उडतात. बॅटरीतही सारखं पाणी घालावं लागतं. उसाचा हंगाम तोंडावर आहे.
– एक शेतकरी, वाळवा तालुका

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. चार्जिंग जास्त होतंय. इंजिन अर्ध्या रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.४ पर्यंत ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बघा. व्होल्टेज नुसतं पाच टक्के वाढलं तरी हॅलोजन बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. पण रेग्युलेटर नवा घ्यायच्या आधी त्याच्या बुडाची अर्थ घासून बघा. अर्थ ढिली असली की त्याला बॅटरी आहे त्याहून खाली वाटते आणि तो करंट ढकलत राहतो. बॅटरीची टोकंही आवळा.

तुम्ही विचारलं नाही तरी ट्रॉलीचं लिहितो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याला आपल्याकडं एकच तार सोडतात आणि अर्थ हुकाच्या खिळीतून घेतात. खिळीला ग्रीस, ग्रीसवर चिखल. दोन ट्रॉल्या जोडल्या की तशा दोन खिळी. दिवा चालू-बंद होतो, हंगामाच्या मध्याला कायमचा बंद होतो आणि हायवेवर रात्री ती ट्रॉली म्हणजे न दिसणारी भिंत होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसवरून मागच्या दिव्यापर्यंत एक वेगळी काळी तार ओढा. वीस-पंचवीस फूट तार लागेल. आणि उसाचे शेंडे खाली लोंबून रिफ्लेक्टर झाकले जातात, म्हणून रिफ्लेक्टर खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर लावा.

हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकले. रेडिओला खरखर येते, आणि समोरचे सगळे मला डिपर मारतात.
– एक वाचक, सातारा

खरखर त्या बल्बच्या ड्रायव्हर सर्किटची, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या भागाची आहे. खात्री करायची तर रेडिओ लावून हेडलाइट बंद-चालू करून बघा. पण ती लहान गोष्ट. हेडलाइटचा आरसा फिलामेंट कुठं बसणार ते धरून घडवलेला असतो. एलईडीची चकती त्याच बिंदूवर, तेवढ्याच आकाराची नसते. उजेड ठरलेल्या रेषेच्या खाली राहत नाही, वर आणि उजवीकडं सांडतो. तुम्हाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून दिवा चांगला वाटतो, आणि समोरचा आंधळा होतो. ते बल्ब काढा. कंपनीतून एलईडीच असलेला हेडलाइट ही वेगळी गोष्ट, त्याचा आरसा त्यासाठीच घडवलेला असतो.

हेडलाइटच्या काचेत आतून धुकं धरतं. सील फुटलं का?
– एक वाचक, महाबळेश्वर

तुमच्याकडच्या पावसात थोडं धुकं धरणारच. अर्धा तास दिवा लावल्यावर विरत असेल तर सोडून द्या. थेंब ओघळून तळाला पाणी साचत असेल तर मागची रबरी टोपी बघा. बल्ब बदलताना ती नीट न बसवण्याची खोड फार जणांना आहे. काचेला कडेनं सिलिकॉन फासू नका. श्वास घ्यायचं भोक बुजतं आणि पाणी आतच राहतं.

काका, मी बारावीत आहे. बाबा रात्री टेम्पोनं भाजी घेऊन पुण्याला मार्केटला जातात. उजवा दिवा कधी लागतो, कधी नाही. ते म्हणतात, एकावर चालतंय. मला स्वतः दुरुस्त करायला शिकायचंय. काय विकत घेऊ?
– एक विद्यार्थिनी, उंब्रज

पोरी, आज रात्री बाबा निघायच्या आधी एक काम कर. टेम्पोचा डावा बल्ब काढून उजवीकडं लाव. तरीही उजवीकडं लागला नाही, तर त्यांना जाऊ देऊ नको. आपण डावीकडून चालतो, समोरचा आपल्या उजव्या अंगानं जातो. उजवा दिवा बंद असला की त्याला लांबून मोटारसायकल येतेय असं वाटतं आणि तो तेवढीच जागा सोडतो. एकावर चालत नाही, हे बाबांना तूच सांग. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

बल्ब काढताना काचेला बोट लावू नको. बोटाचं तेल गरम काचेवर भाजतं आणि तिथून काच उतरते. फडक्यानं, बुडाला धरून काढायचा. हातात आहेच तर उजेडाकडं धरून बघ. आत दुधासारखं पांढरं दिसलं तर हवा शिरली आहे, गेला. काळपट चंदेरी झाक आली असेल तर आयुष्य संपत आलं आहे.

विकत काय घ्यायचं? एक डिजिटल मीटर, चार-पाचशे रुपयांपर्यंतचा पुरे. दुसरी गोष्ट विकत घेऊ नको, घरी कर. पाच वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याचा होल्डर, एका तारेला मगर चिमटा, दुसऱ्या तारेला टोकदार खिळा. हा टेस्ट लॅम्प. मीटरला फसवणारी खराब तार याच्यापुढं कधी कधी उघडी पडते, कारण तो मीटरपेक्षा पुष्कळ जास्त करंट मागतो. खिळा तारेच्या सालीत मात्र खुपसू नको, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. होल्डरच्या मागूनच टेकव. आणि एअरबॅगवाल्या गाडीत पिवळ्या आवरणातल्या तारांना आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला हा लॅम्प कधी लावू नको.

"कधी लागतो, कधी नाही" याला दिवा चालू ठेवून एकेक जागा हळू हलवायची. होल्डर आधी. पिना ढिल्या असतील, किंवा एखादी मागं सरकली असेल. मग पहिल्या पत्रात लिहिलेली अर्थची परीक्षा, तशीच्या तशी.

दिवा नीट झाला की शेवटचं काम उरतं, ते म्हणजे दिव्याची नजर. भाजीनं भरला की टेम्पो मागून बसतो, तोंड वर करतो आणि डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून माल भरल्यावर, सपाट जागेवर, टायरमध्ये हवा नीट असताना, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीला आडवी रेघ. तिच्याखाली पाच सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची सपाट वरची कड या खालच्या रेघेला टेकली पाहिजे. डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच हवी, रस्त्याच्या कडेचा माणूस दिसावा म्हणून. हेडलाइटच्या मागं दोन स्क्रू असतात, एकानं उजेड वर-खाली, दुसऱ्यानं आडवा सरकतो. एका दिव्याचं करताना दुसरा पोत्यानं झाक.

भिंत पांढरी असेल तर रेघा कोळशानं ओढ. पुसू नको, पुढच्या वेळी लागतील.